नुकसानीचं कारण

बॅटरी बावीस टक्के उरली होती
आणि भोयरांचं वावर तेवढं राहिलं होतं.
म्हटलं, करून टाकू, उद्या परत कोण येतं इथे?
उडवला ड्रोन. ओंबीवर आलेला गहू,
धुऱ्यावर बाभळी, विहिरीत रुपयाएवढं आभाळ,
आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात
पिवळं एक कडं.

खरोखरच कडं. हातातून काढून
कुणी पाटावर ठेवावं तसं.
सगळीकडे गहू अजून हिरवा
आणि एवढ्याच वाटोळ्या पट्टीत घाईघाईनं पिकलेला,
मधोमध पुन्हा गर्द हिरवा ठिपका.
ड्रोन पुढे सरकला तसं दुसरं, तिसरं,
सातवं नाल्याकडे अर्धंच.
मी मोजत राहिले. चौदा टक्के.

खाली झिबलजी कपाळावर हात धरून
आभाळात पाहत होते, हरवलेलं कबुतर पाहावं तसे.
"दिसते का कीड?"
उन्हात पडद्यावर काही दिसेना,
तेव्हा त्यांचा दुपट्टा आम्ही तंबूसारखा धरला
आणि तंबाखूच्या वासाच्या त्या अंधारात
त्यांनी आपलं वावर पहिल्यांदा वरून पाहिलं.

बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "हे तं फाळ वाजते ते ठिकाण.
माह्या बापानं गोटे काढले इथले, गाड्याच्या गाड्या,
धुऱ्यावर टाकले. मले वाटे बियाणंच खोटं.
दरसाल भांडतो मी केंद्रवाल्याशी."
आणि हसले. "बिचारा."

विहिरीजवळ त्यातलाच एक गोटा आहे, धुण्याचा.
त्यावर बोटाएवढे खळगे, ओळीनं, कुणीतरी कोरलेले.
त्यांत साबणाचं पाणी, आणि सकाळी, म्हणे, चिमण्या.
नागपूरच्या रस्त्यावर असेच गोटे तारेच्या कुंपणात आहेत,
वर निळी पाटी. सहलीची बस तिथे लघवीला थांबली होती.
बाई सांगत होत्या, लोखंड वितळवणारी माणसं,
घोड्यांच्या तोंडाला तांबं बांधणारी,
कुणी गेलं की भोवती गोटे मांडायची,
आत काळी माती ओतायची, लांबून आणलेली.
मी तेव्हा चकली खात होते.

गावाला पांढरी म्हणतात, शेताला काळी.
मग हे काय? काळीच्या पोटातली पांढरी,
जिला कोतवाल नाही, सातबारा नाही,
जिची हाक माघात, तीही कोरड्या माघात,
दीड हात खोल मुळाला लागते,
मूळ काडीला सांगतं, काडी पिवळी पडते,
आणि एवढ्या उंचावर बघायला कुणी नसतंच,
घार सोडून.

पाचवं कडं धुऱ्याखालून पलीकडे जातं.
पलीकडे महागूचं, सख्ख्या भावाचं.
एकोणीस वर्षं बोलणं नाही,
मोजणीचे खांब तीनदा उपटलेले.
झिबलजींनी बोटानं पडद्यावरचा धुरा दाबून धरला.
बोट उचललं. कडं तसंच,
थोडं इकडे, बरंचसं तिकडे.
"त्याचाही गहू पिवळा?"
"तेवढाच."
"अन् त्यानं तं दुसरं बियाणं पेरलं."

ड्रोन उतरला. फॉर्म भरायला मी गोट्यावर बसले.
कारण: पूर, गारपीट, कीड, रानडुक्कर, इतर.
इतरवर खूण केली. पुढे ठिपक्यांची रेघ.
त्याखाली, नुकसान झाल्याचा दिनांक,
दोन घरं दिवसाला, दोन महिन्याला, चार वर्षाला.
पेन हातात तसंच.

झिबलजी तोवर धुऱ्यापर्यंत गेले होते.
पलीकडे कुणीतरी मोटर बंद केली.
हे उभे राहिले. खाकरले.
"ओ," म्हणाले. नाव नाही घेतलं.
"इकडं ये. तुह्या वावरात कोण हाय, पाहून जा."

पडद्यात अजून तीन टक्के होते.
मी दुपट्टा हातात घेऊन थांबले.